विद्युतधारेची दिशा : एका संकेताची पार्श्वभूमी

सेल, बल्ब आणि कळ यांचा साधा परिपथ काढताना विद्युतधारेचा बाण सेलच्या धन टोकापासून निघतो आणि बल्बमधून फिरून ऋण टोकाकडे परततो. तांब्याच्या तारेत प्रत्यक्ष सरकतात ते इलेक्ट्रॉन, आणि ते नेमके उलट दिशेने जातात. या विसंगतीचे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण एका वाक्याचे आहे: अठराव्या शतकात एका संशोधकाने अंदाज बांधला, तो चुकला आणि ती चूक पुढे तशीच चालत आली. हे स्पष्टीकरण लक्षात ठेवायला सोपे असले तरी अपुरे आहे, आणि काहीसे अन्यायकारकही आहे. धन-ऋण ही चिन्हे १७४७ मध्ये ठरली, धारेची दिशा १८२० मध्ये ठरली आणि विद्युतअग्रांची, म्हणजे ज्या टोकांतून धारा द्रावणात शिरते किंवा बाहेर पडते त्यांची, नावे १८३४ मध्ये ठरली. तिन्ही निर्णय तीन वेगळ्या व्यक्तींनी, तीन वेगळ्या अडचणींतून वाट काढताना घेतले. त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच ‘चूक’ हा शब्द रूढ झाला.

घासलेल्या अंबराकडे हलक्या वस्तू ओढल्या जातात हे प्राचीन काळापासून माहीत होते, आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास १६०० मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका लॅटिन ग्रंथापासून सुरू झाला. काही पदार्थांतून वीज दूरवर वाहून नेता येते हे १७२९ मध्ये इंग्लंडमध्ये दिसले. त्यानंतर काही वर्षांतच पॅरिसमधील एका संशोधकाने वीज दोन प्रकारची असल्याचे मांडले: घासलेल्या काचेवरची आणि घासलेल्या राळेवरची. सजातीय वीज परस्परांना दूर लोटते आणि विजातीय वीज जवळ ओढते, हा नियम तेव्हापासूनचा आहे. ‘काचेची’ आणि ‘राळेची’ या नावांमध्ये कोणतीही वीज अधिक किंवा उणी नव्हती, ही गोष्ट पुढच्या घडामोडींसाठी महत्त्वाची आहे.

अधिक-उणेची भाषा आली ती फिलाडेल्फियातील एका मुद्रकाने १७४७ मध्ये लंडनला पाठवलेल्या पत्रांतून. त्यांतला एक प्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. दोन माणसे मेणाच्या जाड थरावर उभी राहतात, म्हणजे जमिनीशी त्यांचा विजेचा संबंध तुटतो. पहिला माणूस काचेची नळी हाताने घासतो. दुसरा नळीजवळ बोटाचे पेर नेऊन तिच्यावरची वीज स्वतःकडे घेतो. आता जमिनीवर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाने यांपैकी कोणाजवळही बोट नेले तरी ठिणगी पडते. मात्र मेणावरच्या दोघांनी एकमेकांजवळ बोटे नेली तर ठिणगी अधिक जोरकस पडते आणि त्यानंतर दोघांपैकी कोणाच्याही अंगावर विजेचे चिन्ह उरत नाही. यावरून निष्कर्ष असा निघाला की वीज नव्याने निर्माण होत नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि एकाची जेवढी वाढते तेवढीच दुसऱ्याची घटते. जमाखर्चाच्या वहीसारखा हा विचार आज आपण प्रभाराच्या अक्षय्यतेचा नियम म्हणून शिकतो, आणि त्या पत्रांचे खरे मोल माझ्या मते इथेच आहे.

चिन्ह हा त्याचा आनुषंगिक भाग होता. वीज म्हणजे पदार्थांतून वाहणारा एकच द्रव आहे असे मानले की कोणाकडे तो जास्त आणि कोणाकडे कमी हे ठरवावेच लागते. काचेकडे जास्त असे ठरले. प्रत्यक्षात घासताना इलेक्ट्रॉन काचेवरून हाताकडे जातात, म्हणजे ज्याला तूट मानले तिथे वाहून आलेल्या कणांची भर पडलेली असते. परंतु वरच्या प्रयोगातील कोणतीही ठिणगी ही गोष्ट सांगू शकत नव्हती, आणि त्या काळी उपलब्ध असलेले दुसरे कोणतेही साधनही ती सांगू शकत नव्हते.

एकद्रव सिद्धान्त सर्वांनी स्वीकारला असेही नाही. १७५९ मध्ये लंडनमध्ये एका गृहस्थांनी आपल्या रेशमी पायमोज्यांवरची निरीक्षणे सादर केली. ते पांढऱ्या आणि काळ्या रेशमाचे मोजे एकावर एक घालत. दोन्ही एकत्र काढून मग वेगळे केले की प्रत्येक मोजा आत पाय असावा तसा फुगून राही. काळा पांढऱ्याजवळ नेला की दोघे परस्परांकडे झेपावत आणि चिकटताच दोन्ही चपटे होत. फुगवटा दोन्ही मोज्यांना सारखाच येत असेल तर एकात भर आणि दुसऱ्यात तूट कशी मानायची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी दोन स्वतंत्र द्रव मानले. १७८५ मध्ये पीळ-तराजूने, म्हणजे तारेच्या पिळावरून बल मोजणाऱ्या उपकरणाने, प्रभारांमधील बलाचा व्यस्त वर्गाचा नियम सिद्ध झाला तेव्हाही हा वाद मिटला नाही, कारण तो नियम दोन्ही कल्पनांत तेवढाच बसतो.

इथपर्यंत ‘धारा’ नावाची गोष्टच नव्हती. होत्या त्या क्षणिक ठिणग्या. २० मार्च १८०० रोजी इटलीतून लंडनला लिहिलेल्या पत्रात जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांच्या चकत्यांची थप्पी वर्णिलेली आहे, आणि सलग वाहणारी वीज तेव्हापासून हाती आली. तरीही पुढची वीस वर्षे अभ्यासकांचे लक्ष थप्पीच्या दोन टोकांवरच खिळलेले होते. ती टोके जोडणाऱ्या तारेत काय चालते, हा प्रश्न १८२० मध्ये निकडीचा झाला. कोपनहेगनमध्ये तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची वळते असे दिसले, आणि तारेची जोडणी उलटी केली की सूची विरुद्ध बाजूला वळते असेही दिसले. सूची कोणत्या बाजूला वळेल हे सांगण्यासाठी तारेला दिशा देणे भागच होते.

ही दिशा त्याच वर्षी पॅरिसमधील एका गणिताच्या प्राध्यापकांनी दिली, आणि संपूर्ण प्रकरणातील निर्णायक घटना हीच आहे असे मला वाटते. ते द्विद्रव सिद्धान्त मानणारे होते. त्यांच्या मते तारेत धन वीज एका दिशेने आणि ऋण वीज त्याच वेळी उलट दिशेने वाहत होती, म्हणजे आज ज्या दिशेला आपण इलेक्ट्रॉनची दिशा म्हणतो तीही त्यांच्या चित्रात होतीच. प्रत्येक वाक्यात दोन्ही प्रवाहांचा उल्लेख करणे टाळावे म्हणून त्यांनी धन विजेच्या दिशेलाच ‘धारेची दिशा’ म्हणायचे ठरवले आणि तो संकेत असल्याचे वाचकाला सांगितले. एवढ्यावर न थांबता त्यांनी ही दिशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेशी जोडली: विजेने पाण्याचे अपघटन करताना, म्हणजे त्याचे घटक वायू वेगळे करताना, ज्या टोकाशी ऑक्सिजन निघतो तिथून ज्या टोकाशी हायड्रोजन निघतो तिकडे, ही बाहेरच्या तारेतील धारेची दिशा, थप्पीच्या आत ती याच्या उलट. मग सूचीचा नियम त्यांनी एका पोहणाऱ्या माणसाच्या रूपाने मांडला. हा माणूस धारेच्या दिशेने, सूचीकडे तोंड करून पोहत आहे अशी कल्पना केली, तर सूचीचे उत्तर टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळते.

या सर्व मांडणीत द्रव एक की दोन आणि त्यांतले सरकते कोण, यांवर काहीच अवलंबून नाही. व्याख्या वायूंच्या बुडबुड्यांवर आणि सूचीच्या वळण्यावर उभी आहे, आणि म्हणूनच ती पुढे कोणत्याही शोधाने ढासळली नाही. ज्याने दोन्ही प्रवाह जाणून एकाची निवड केली, त्याच्या निवडीला चूक म्हणता येत नाही.

चिन्हांविषयीची सावधगिरी सर्वाधिक कोणी बाळगली असेल तर ती लंडनमधील एका प्रयोगकर्त्यांनी. विद्युत अपघटनावरील कामासाठी त्यांना १८३४ मध्ये नवे शब्द हवे होते. धारेविषयीच्या कल्पना उद्या बदलतील आणि मग ‘धन ध्रुव’, ‘ऋण ध्रुव’ ही नावे दिशाभूल करतील, अशी त्यांना भीती होती. त्यांनी पृथ्वीचाच आधार घेतला. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या धारेमुळे आहे असे मानले, तर ती धारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या मार्गाने जावी लागेल. द्रावणातील धारा या कल्पित धारेला समांतर ठेवली तर एक अग्र उगवतीकडे येते आणि दुसरे मावळतीकडे. केंब्रिजमधील एका विद्वानांच्या मदतीने ग्रीक भाषेतून ‘वर जाणारी वाट’ आणि ‘खाली जाणारी वाट’ या अर्थांचे शब्द घडवले गेले, ते ॲनोड आणि कॅथोड. धारा जिथून द्रावणात शिरते तो ॲनोड, जिथून बाहेर पडते तो कॅथोड. नावात अधिक-उणे कुठेच नाही.

मराठीत मात्र याच शब्दांना आपण धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो, आणि जे चिन्ह नावाबाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला गेला तेच चिन्ह नावात येऊन बसते. अपघटनाच्या पात्रात हे खपून जाते, कारण तिथे ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. सेलमध्ये मात्र गाठ पडते. साध्या कोरड्या सेलचे जस्ताचे भांडे हे त्याचे उणे टोक आहे. आतल्या बाजूने पाहिले तर धारा या जस्तातूनच लगद्यात शिरते आणि जस्ताचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे व्याख्येने जस्त हा ॲनोड ठरतो. मराठीत लिहायचे तर सेलचे ऋण टोक हे त्याचे धनाग्र आहे असे लिहावे लागते, आणि हे वाक्य वाचणारा विद्यार्थी गोंधळला तर दोष त्याचा नाही. सेलच्या संदर्भात ॲनोड, कॅथोड हेच शब्द देवनागरीत वापरावेत आणि बाहेरच्या टोकांना धन टोक, ऋण टोक म्हणावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

विद्युतक्षेत्राची संकल्पना रुजली तेव्हा तिची दिशाही धन प्रभारावरील बलाची मानली गेली. सर्व चिन्हे उलटली असती तर क्षेत्राचे बाण उलटले असते आणि उजव्या हाताच्या नियमाची जागा डाव्या हाताच्या नियमाने घेतली असती. बल्बचा उजेड, तारेचा रोध किंवा सेलची ऊर्जा यांत कणभर फरक पडला नसता. तारेत सरकणारे कण कोणत्या चिन्हाचे, हा प्रश्न प्रयोगाला विचारता आला तो १८७९ मध्ये बाल्टिमोर येथे. सोन्याच्या वर्खातून धारा सोडून तो चुंबकीय क्षेत्रात धरला की वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित विभवांतर निर्माण होते आणि त्याच्या चिन्हावरून वाहक ओळखता येतात. लोखंडात मात्र हे चिन्ह सोन्याच्या उलट आले. त्यामुळे १८९७ मध्ये कॅथोड किरणांमधले ऋण कण केंब्रिजमध्ये ओळखले गेले, तेव्हाही धातूंची साक्ष एकमुखी नव्हती. निकाल दिला तो वेगळ्या प्रयोगाने: वेगाने फिरणारे तारेचे वेटोळे अचानक थांबवले की आतले मोकळे कण क्षणभर पुढे सरकत राहतात. १९१६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात हा प्रयोग तांबे, चांदी आणि ॲल्युमिनियम यांवर झाला आणि ते कण ऋणच ठरले.

तोवर १८८१ च्या पॅरिस परिषदेत अँपिअर, व्होल्ट, ओहम ही एकके मान्य झाली होती आणि मापकांवर चिन्हे कोरली गेली होती. परंतु संकेत बदलला नाही तो केवळ सवयीमुळे नाही. मिठाच्या पाण्यात सोडियमचे धन आयन एका दिशेने आणि क्लोराइडचे ऋण आयन दुसऱ्या दिशेने जातात. तिथे कोणतीही दिशा निवडली तरी निम्मे वाहक तिच्या विरुद्धच राहणार. शिवाय तारेतील कणांची गती हे धारेचे ठसठशीत लक्षण मुळीच नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असताना इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला पाव मीटरच्या आसपास सरकतात. कळ दाबताच बल्ब लागतो तो तारेभोवती झपाट्याने पसरणाऱ्या क्षेत्रामुळे.

२० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या मूलभूत प्रभारावर, म्हणजे एका इलेक्ट्रॉनवरील प्रभाराच्या परिमाणावर, आधारलेली आहे. या प्रभाराचे मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम असे तंतोतंत निश्चित केले गेले आहे. हा आकडा धन आहे. इलेक्ट्रॉनचा प्रभार लिहिताना त्यापुढे लागणारे उणे चिन्ह मात्र १७४७ च्या पत्रांतले आहे.