सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक: हा व्हायरस मुळात आला कुठून

ऑगस्टमध्ये वावरात फिरलं की एखाद-दुसऱ्या सोयाबीनचा शेंडा पिवळा दिसते, पान जवळून पाहिलं तर हिरव्यात पिवळे चट्टे. बरेच जण म्हणतात लोह कमी पडलं, अन् कृषी केंद्रातून टॉनिक आणून फवारतात. पण पिवळा मोझॅक असेल तर त्यानं काही होत नाही भाऊ, आत व्हायरस आहे, पांढऱ्या माशीनं आणून सोडलेला. असं झाड लवकर उपटून पुरलेलं बरं.

या व्हायरसजवळ सामान काय, तर डीएनएच्या दोन गोल रिंगा, एकेक जवळपास 2,700 अक्षरांची. माणसाच्या डीएनएत अशी 300 कोटी अक्षरं असतात. स्वतःची पेशी नाही, सगळं काम झाडाच्या पेशीकडून करून घ्यायचं. मग याची सुरुवात कशी झाली असेल?

बॅक्टेरियात मुख्य डीएनए सोडून छोट्या गोल रिंगा असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात, त्यांची कॉपी वेगळीच निघत राहते. आता गंमत अशी की मोझॅक व्हायरसचं कॉपी सुरू करणारं प्रोटीन या प्लाझ्मिडच्या प्रोटीनशी जुळते, अन् वरचं कवच मात्र झाडांच्या एका आरएनए व्हायरससारखं (ज्याची माहिती डीएनएत नाही तर आरएनए या त्याच्यासारख्याच दुसऱ्या रेणूत असते) निघते! म्हणून काही संशोधक म्हणतात की कधीकाळी एका प्लाझ्मिडच्या हाती दुसऱ्याच व्हायरसचं कवच लागलं आणि तो एका पेशीतून दुसरीत जायला लागला. मला हे फार पटते.

पण सगळेच व्हायरस असे झाले नाहीत. 2003 मध्ये अमिबातल्या मिमीव्हायरसची ओळख पटली, त्याची जवळपास 12 लाख अक्षरं, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतो, आधी तर त्याला बॅक्टेरियाच समजले होते. काहींचं म्हणणं, ही एके काळी पूर्ण पेशी होती, दुसऱ्याच्या आत राहून राहून जीन गमावत गेली. दुसरे म्हणतात नाही, लहान व्हायरसच इकडून तिकडून जीन गोळा करत फुगला. आणि आरएनए व्हायरस तर पेशींच्याही आधीच्या काळातले असावेत असाही एक विचार आहे. सगळ्या व्हायरसमध्ये सारखा सापडेल असा एकही जीन नाही, त्यामुळं सगळ्यांचा मूळपुरुष एकच, असं म्हणताच येत नाही.

आणि हे बदलणं थांबलेलं नाही. दोन व्हायरस एकाच पेशीत शिरले की त्यांच्या डीएनएची अदलाबदल होऊ शकते. 1990 च्या दशकात युगांडात कसाव्याचं (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) अतोनात नुकसान झालं, त्यामागं दोन मोझॅक व्हायरसचे तुकडे जुळून झालेला तिसराच व्हायरस होता, आणि तोही पांढऱ्या माशीनंच पसरवला. आपल्याकडं मूग, उडीद, सोयाबीन धुऱ्याला धुरा लागून असते, माशी तिन्हीवर बसते आणि पिवळा मोझॅक करणारे व्हायरसही एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून आज रोगाला दाद न देणारं वाण पुढंही तसंच टिकेल याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही.