हँड कॅल्क की एफईए, हा वाद कुठून आला

स्ट्रेस (मटेरियलमधला ताण) कोणत्या पद्धतीने काढलेला खरा मानायचा, असा हा वाद. पण फायनाईट एलिमेंट (एफईए, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून कॉम्प्युटरवर हिशोब करणं) सुरुवातीला हँड कॅल्कला, म्हणजे सूत्राने हातावर केलेल्या हिशोबाला, टक्कर द्यायला आलंच नव्हतं. १९५६ चा गाजलेला पेपर विमानाच्या स्ट्रक्चरचा स्टिफनेस (कडकपणा) काढण्याबद्दल होता, नाव पडलं १९६० ला. कोपऱ्यातल्या स्ट्रेसवरून भांडणं पुष्कळ नंतरची.

खरा गुंता प्रेशर व्हेसलमध्ये (दाबाखालच्या टाक्यांमध्ये) झाला. जुन्या पद्धतीत प्रेशर गुणिले डायमीटर भागिले दुप्पट जाडी, झाला स्ट्रेस. नोझलच्या (टाकीला पाइप जोडायच्या तोंडाच्या) कोपऱ्यात किती येतो ते सहसा कोणी काढत नसे, त्यासाठी नियमाने पॅड (जास्तीची जाड पट्टी) द्यायचं आणि अलाउएबल (चालणारा कमाल स्ट्रेस) बराच काळ टेन्साइलच्या, म्हणजे मटेरियल तुटायच्या ताकदीच्या, चौथ्या हिश्श्यावर ठेवलेलं. मग प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडने (नियमावलीने) १९६३ ला न्यूक्लियर आणि १९६८ ला इतर व्हेसलसाठी स्ट्रेसचे गट पाडले: प्रायमरी (लोड पेलायला लागणारा), सेकंडरी (भाग एकमेकांना अडवतात म्हणून येणारा), पीक (एका जागी साचलेला). प्रायमरी मेंब्रेनला (जाडीभर सारख्या स्ट्रेसला) अलाउएबल जेवढं तेवढंच, बेंडिंग (वाकण्याचा स्ट्रेस) धरून १.५ पट, सेकंडरी धरून रेंजला, म्हणजे लोड बदलताना स्ट्रेस जेवढा हलतो त्याला, ३ पट. आकडे विचार करूनच ठरवलेले, आयताकृती सेक्शन पूर्ण प्लास्टिक व्हायला (कायमचा वाकायला) पहिल्या यील्डच्या, म्हणजे कायमचं वाकणं सुरू होतं तिथल्या, १.५ पट मोमेंट (वाकवणारं बळ) लागतो, आणि ३ पट म्हणजे साधारण दोन यील्ड, त्याच्या आत शेकडाउन होतं, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांनंतर वाकणं वाढत नाही. पण हे सगळं शेल थिअरीच्या (भिंत पातळ कवच मानून केलेल्या) हिशोबाने, तिथे मेंब्रेन आणि बेंडिंग वेगवेगळे हातात येतात.

सॉलिड एलिमेंट (पूर्ण जाडी धरणारे तुकडे) आले तसं सगळं मिसळलेला एकच आकडा यायला लागला, आणि फिलेट (गोलाई) नसलेल्या आतल्या कोपऱ्यात तर मेश (तुकड्यांची जाळी) जितकी बारीक तितका तो चढतच जातो. त्यावर तोडगा निघाला लीनियरायझेशनचा, जाडीतून आरपार लाईन मारायची आणि मेंब्रेन, बेंडिंग वेगळं काढायचं. आता लाईन कुठे मारायची, नोझलजवळचं बेंडिंग प्रायमरी धरायचं की सेकंडरी, हे सॉफ्टवेअर सांगत नाही, त्यामुळे एकाच मॉडेलवर एकजण म्हणतो १.५ मध्ये बसत नाही आणि दुसरा म्हणतो ३ मध्ये आरामात बसतंय. माझ्या मते शेलची वर्गवारी सॉलिडवर लादली हाच निर्णय चुकला.

उलट बाजूही आहे, एफईएचा आकडा कमीही येऊ शकतो. १९९१ ला नॉर्वेत एक समुद्रातला काँक्रीट प्लॅटफॉर्म बुडाला, मेश खराब असल्याने शिअर (कापणारा ताण) ४७ टक्के कमी आला होता. नंतरच्या नीट हिशोबात भिंत ६२ मीटर खोलीला फुटणार असं निघालं, प्रत्यक्षात ६५ ला फुटली.

२००७ ला अमेरिकन कोड नव्याने लिहिला तेव्हा इलॅस्टिक-प्लास्टिक मार्ग (मटेरियल कायमचं वाकणंही धरणारा) नीट मांडला गेला: लोड २.४ पट करायचा आणि मॉडेल कोसळतं का ते बघायचं, गटबिट पाडायची गरजच नाही. तरी रिपोर्टांत अजून लीनियरायझेशनच दिसतं, कारण रन पटकन होतो आणि तपासणाऱ्यालाही तेच टेबल ओळखीचं असतं.