तयार वाटण (खानदेश)

तयार वाटण : भाजलेले सुके खोबरे, कांदा, लसूण, आले आणि गरम मसाले एकत्र वाटून, बहुधा तेलात परतून, आधी करून ठेवलेले किंवा विकत आणलेले रश्श्याचे मूळ द्रव्य. ऐनवेळी त्यात पाणी व मुख्य जिन्नस घातला की भाजी होते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव-बागलाणचा अहिराणी बोलीचा पट्टा आणि मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचा परिसर एवढ्या भागात याचा वापर एकाच वळणाचा आहे. संध्याकाळच्या जेवणाला शेवभाजी, पाटोड्यांचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, डुबुकवड्या (रश्श्यात सोडलेले बेसनाचे गोळे), वांगी किंवा अंडी यांपैकी काहीही करायचे असले तरी खाली वाटण तेच असते.

पाश्चात्त्य देशांत बाटलीबंद सॉस टाकून अर्ध्या तासात रात्रीचे जेवण उरकण्याची जी रीत आहे, तिच्याशी या वाटणाची तुलना केली जाते. काम तेच आहे, पण घडण वेगळी आहे. टोमॅटोचा बाटलीतला सॉस बहुतांशी खाण्याजोगा तयार असतो. वाटण ही अर्धी स्वयंपाकक्रिया असून उरलेली अर्धी कढईत व्हावी लागते. ब्रिटनमध्ये पाठक या गुजराती कुटुंबाने 1957 मध्ये लंडनला सुरू केलेल्या ‘पटाक्स’ या उद्योगाने तेलातले मसाल्याचे वाटण बरणीत घालून लोकप्रिय केले. खानदेशी वाटणाचे खरे नाते जुळते ते या प्रकाराशी.

प्रकार : बाजारात आज तीन रूपे दिसतात. पहिला कोरडा काळा मसाला. धने, सुके खोबरे, दगडफूल, लवंग, मिरे, दालचिनी, चक्रीफूल, शहाजिरे, तमालपत्र व लाल मिरची तेलावर भाजून तो कुटतात. उन्हाळ्यात वर्षाचा एकदम करून ठेवण्याची चाल अजून मोडलेली नाही. दुसरे ओले वाटण, म्हणजे वर दिलेल्या व्याख्येतले खरे वाटण. तिसरी पाकिटातली भुकटी. तिच्यात वाळवलेल्या कांद्या-लसणाची पूड, खोबरे आणि दाटपणासाठी डाळ्याचे किंवा शेंगदाण्याचे कूट असते. या तिसऱ्या रूपाला जळगावातील कांदा-निर्जलीकरणाच्या उद्योगाची पार्श्वभूमी आहे. जैन उद्योगसमूहाने तेथे पांढऱ्या कांद्याच्या चकत्या व पूड मोठ्या प्रमाणावर करून निर्यात केली. पांढरा कांदा निवडण्याचे कारण त्यातील विद्राव्य घनांश, म्हणजे पाणी उडाल्यावर मागे उरणारा साखरेसारखा विरघळलेला भाग. तो जास्त असला की तेवढ्याच कांद्यातून पूड अधिक मिळते आणि वाळवणीचे इंधन वाचते.

काळा रंग कोठून येतो याबद्दल गैरसमज आहे. तो दगडफुलाचा किंवा मिऱ्याचा नव्हे. खोबऱ्याची अख्खी वाटी थेट विस्तवावर धरतात, तिच्यातले तेल पेट घेते, कड काळी पडते, मग फुंकून विझवतात. कांदाही सालासकट निखाऱ्यात किंवा गॅसच्या जाळीवर, आतपर्यंत मऊ होईतो भाजतात. वरचे करपलेले साल काढतात पण पार धुवून टाकत नाहीत. या धुरकट भाजणीतच वाटणाची चव आहे, आणि कारखान्यात बनलेले वाटण सर्वांत जास्त उणे पडते ते याच ठिकाणी. तेथे खोबऱ्याचा कीस फिरत्या पिंपात सारखा भाजला जातो. रंग येतो, धूर येत नाही.

उगम व काल : ‘फारुकी सुलतानांच्या काळापासूनचा मसाला’ असे वर्णन पाकिटांवर व खानावळींच्या फलकांवर आढळते. फारुकी घराण्याने खानदेशावर 1382 ते 1601 या काळात राज्य केले. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला. आजच्या वाटणातून तिखटपणा वजा करता येत नाही आणि तो मिरचीचा आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली आणि देशाच्या अंतर्भागात रुळायला तिला पुढे बराच काळ लागला. अकबराच्या राज्यकारभाराचे वर्णन करणाऱ्या, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथातील पाकशाळेच्या भागात आले, मिरे, लवंग, दालचिनी यांची प्रमाणे आहेत, मिरची नाही. त्याच ग्रंथात दांदेशच्या, म्हणजे खानदेशच्या वर्णनात ज्वारी हे मुख्य पीक सांगितले असून काही ठिकाणी तिची वर्षाला तीन पिके निघतात असा उल्लेख आहे. तेव्हा भाकरी फारुकीकालीन म्हणता येईल. आजचे वाटण तसे म्हणता येणार नाही.

गरम मसाल्याच्या अंगाबद्दल मात्र जुन्या मताला आधार मिळतो. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या काठाकाठाने बऱ्हाणपूरला जाई. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. नवापूरच्या भाताला कस्तुरीचा वास येतो असे त्याने नोंदवले आहे. लवंग, दालचिनी, चक्रीफूल आणि सुके खोबरे यांपैकी एकही जिन्नस खानदेशात पिकत नाही. कोरड्या हवेच्या ज्वारी-कापसाच्या मुलखात, समुद्रापासून इतक्या आत, रोजच्या जेवणाचा पाया खोबऱ्यावर उभा राहावा याचा उलगडा या मार्गाशिवाय नीट होत नाही.

दुसरे मत असे की, काळे वाटण ही लष्करी तळांवरची सोय होती : मुक्काम हलता असल्याने मसाला भाजून, कुटून बरोबर नेत. कल्पना आकर्षक आहे, पण तिला आधार म्हणून दिले जाणारे दाखले बहुधा सर्वसाधारण छावणीजीवनाचे असतात, खानदेशाचे नव्हेत. तिसरे मत कृषिजीवनाकडे बोट दाखवते. ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी कोरडी असते, ती चुरून खायला भरपूर पातळ रस्सा लागतो. आणि चैत्र-वैशाखात हिरवी भाजी मिळत नसल्याने डाळीचे पीठ, वाळवणे आणि साठवलेला कांदा यांवर भागवावे लागते. अशा वेळी चव सगळी मसाल्यातूनच आणावी लागते. प्रस्तुत नोंदीत हे तिसरे मत आणि व्यापारी मार्गाचे मत एकत्र धरणे अधिक सयुक्तिक मानले आहे : जिन्नस वाटेने आले, गरज शेताने निर्माण केली. सध्याचे मिश्रण जुळून येण्याचा काळ अठराव्या शतकाच्या फार आधी नेता येणार नाही. वरचा लाल तवंग ज्याच्यावर येतो ते शेंगदाणा तेल तर आणखी अलीकडचे. भुईमुगाची लागवड पश्चिम भारतात एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत वाढली. त्याआधी तिळाचे तेल वापरात असावे.

शेवभाजीचा प्रश्न : तयार वाटणाचा प्रसार ज्या पदार्थामुळे सर्वाधिक झाला, त्या शेवभाजीचे मूळ वादाचे आहे. गुजरातेत व राजस्थानात शेव-टोमॅटोची भाजी आहे, खानदेशात गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांची वस्ती जुनी आहे, म्हणून ती तिकडूनच आली असे एक पक्ष मानतो. दुसरा पक्ष मुंबई-आग्रा रस्त्यावरील धुळे-शिरपूर टापूतल्या ढाब्यांना तिचे श्रेय देतो. शेव-टोमॅटोच्या भाजीत आंबटपणा टोमॅटोचा आणि त्याला तोडीस गूळ किंवा साखर असते. खानदेशी शेवभाजीत गोडवा धरत नाहीत आणि टोमॅटो असलाच तर नावापुरता. म्हणजे शेव फरसाणाच्या दुकानातून आली आणि रस्सा आधीपासून घरात होता, असे मानणे योग्य वाटते. ढाब्यांनी ती शोधली नसावी; ट्रकवाल्यांच्या वेळेला झटपट देता येते म्हणून उचलून धरली.

या पदार्थात दोन्ही अंगे तयारच असतात, त्यामुळे कामावरून उशिरा आलेल्या माणसाला तो सोयीचा पडतो. कढईत तेल तापवून वाटण घालतात आणि कडेने तेल सुटेपर्यंत परततात. आच मंद करून लाल तिखट टाकतात, ते करपू न देता लगेच आधणाचे पाणी ओततात. पाणी गार असले तर तर्री वर येत नाही, रस्सा गढूळ दिसतो. पाच-सात मिनिटे खळखळून उकळल्यावर मीठ. भाजीची जाड, तिखट शेव ताटात वाढतानाच घालायची. पातेल्यात आधी घातली तर ती रस्सा पिऊन टाकते व लगदा होतो. पाकिटावरच्या कृतीत शेव उकळत्या रश्श्यात दोन मिनिटे शिजवण्यास सांगितलेले आढळते, ते टाळावे.

टिकाऊपणा : तयार वाटणाचा सर्वांत अवघड भाग हा आहे आणि घरगुती उत्पादक याच ठिकाणी फसतात. कोरडा मसाला वर्षभर टिकतो, कारण त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. ओल्या वाटणात कांदा असतो आणि कच्च्या कांद्यात पाणी 85 टक्क्यांहून अधिक. परतल्यावर ते बरेच उडते, तरी उरते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू बंद बरणीत, हवा नसताना, घातक विष तयार करतो. पदार्थाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) 4.6 किंवा त्याहून कमी असला तर त्याची वाढ थांबते. टोमॅटोचा सॉस साधारणपणे या रेषेच्या खाली असतो किंवा थोड्या आम्लाने खाली आणता येतो; म्हणून तो उकळून गरम असतानाच बाटलीत भरला तरी चालतो. कांदा, लसूण आणि खोबरे यांचा सामू मात्र 5 च्या वर असतो. त्यामुळे परदेशी सॉसची कृती पाहून काळे वाटण तसेच बाटलीत भरणे धोक्याचे आहे. वर तेलाचा थर दिला म्हणजे वाटण सुरक्षित झाले, ही समजूत सर्वत्र आहे व ती चुकीची आहे. तेलाच्या थराने बुरशी अडते, कारण हवा तुटते. पण याच जिवाणूला हवा नसलेलीच जागा हवी असते.

ओले वाटण सुरक्षित टिकवण्याचे मार्ग चार आहेत. सायट्रिक आम्ल घालून सामू उतरवणे. यात रश्श्याला आंबट छटा येते आणि खानदेशी जिभेला ती लगेच कळते. परतून परतून, मीठ वाढवून जलक्रियाशीलता (जिवाणूंना वापरता येईल अशा पाण्याचे माप) 0.85 च्या खाली नेणे. यात वाटण घट्ट, खारट व तेलकट होते, पण चव शाबूत राहते. पाकिटात भरून दाबाखाली 121 अंश सेल्सियसला निर्जंतुक करणे. भारतात या रिटॉर्ट पाकिटांचे तंत्र सैनिकांच्या अन्नासाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले. ही पद्धत सर्वांत भरवशाची, पण यंत्रसामग्री बचत गटाच्या आवाक्याबाहेरची. चौथा मार्ग गोठवण्याचा. घरासाठी हाच उत्तम : वाटण परतून, गार करून, एका वेळेला लागेल एवढ्या गोळ्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास दोन-तीन महिने चांगले राहते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नये. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा ओले वाटण ओट्यावर एक दिवसही ठेवणे योग्य नाही.

खवटपणा ही निराळी गोष्ट. खोबरेल तेल हवेने सहसा लवकर खवट होत नाही. पण खोबऱ्याला ओल लागून बुरशी धरली की त्यातले लॉरिक आम्ल मोकळे होते आणि वाटणाला साबणासारखी चव येते. शेंगदाण्याचे कूट मात्र हवेनेच खवटते. बुरशीच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विषही असू शकते व ते भाजण्याने पुरते जात नाही, म्हणून काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे वाटणात कधीही घेऊ नयेत.

वापर व प्रसार : पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतल्यावर वाटण एकदम जास्त करून ठेवणे सोपे झाले. भुसावळचे रेल्वे कर्मचारी, वरणगावच्या आयुध निर्माणीतील कामगार, दीपनगरच्या वीज केंद्रातील पाळीवाले यांच्या घरी वेळी-अवेळी जेवण करावे लागते, तेथे ही सोय मोलाची आहे. शिकायला पुण्याला गेलेली मुले आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागातील खानदेशी कुटुंबे गावाकडून मसाला व वाटण नेतात. बचत गटांच्या विक्रीत काळ्या मसाल्याचा वाटा मोठा असतो, ओल्या वाटणाचा कमी; कारण वर आलेच आहे.

नंदुरबार जिल्ह्यात मिरचीचा बाजार मोठा आहे. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि तेथील तयार वाटणात मिरचीचे प्रमाण वरचढ असते. सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांच्या रोजच्या स्वयंपाकात खोबऱ्याचे वाटण जवळजवळ नाही. मिरची, लसूण व मीठ यांवर तो चालतो.

विकल्या जाणाऱ्या वाटणाला अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 लागू आहे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, तसेच शेंगदाणे असल्यास त्यांचा उल्लेख सक्तीचा आहे. क्रम वाचला की वाटणाची प्रत कळते : खोबरे व कांदा आधी आले असतील तर ते वाटण, मीठ, पीठ किंवा स्टार्च आधी असेल तर त्या पाकिटातून रस्सा दाट होईल, पण भाजणीची चव येणार नाही.