गाठ निघाली म्हणजे मूल होणारच नाही?

"गर्भाशयात गाठ असली की मूल होत नाही, पिशवीच काढावी लागते," हा मेसेज नागपुरात वर्षानुवर्षं फिरतो आहे. धंतोलीत सोनोग्राफीचा रिपोर्ट छातीशी धरून रडणारी सून मी पाहिली आहे, म्हणून लिहिते.

फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ कर्करोगाची क्वचितच असते. प्रश्न तिच्या जागेचा. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाची, म्हणजे सबसिरोसल गाठ सहसा गर्भधारणेच्या आड येत नाही. आतल्या पोकळीत शिरलेली सबम्युकोसल मात्र गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते. तीही बहुधा पिशवी शाबूत ठेवून दुर्बिणीने काढता येते. रिपोर्टमध्ये हेच शब्द शोधा. पोकळीविषयी शंका असेल तर डॉक्टरांना हिस्टेरोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहण्याच्या तपासणीबद्दल, विचारा. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? तीही सोबतच करून घ्या.