एम साइज बसला नाही म्हणजे आपण जाड झालो?

"एम बसत नाही म्हणजे वजन वाढलंय, कमी करा", हे वाक्य बायकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते खरं वाटणं साहजिक आहे, कारण लेबलवरचं अक्षर सगळीकडे सारखंच दिसतं.

पण साइज चार्ट प्रत्येक ब्रँड स्वतःच ठरवतो. एकाचा एम छातीला 36 इंच तर दुसऱ्याचा 38, आणि चार्टमधे कधी अंगाचं माप असतं कधी कपड्याचं, म्हणून कुर्तीत दोनेक इंच लूज धरलंय की नाही ते आधी बघायचं. कॉटन धुतल्यावर आटतं ते वेगळंच.

घरी तपासून बघा. नीट बसणारी एक कुर्ती सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजा, त्याची दुप्पट करा, मग दोन-तीन ब्रँडच्या एमशी ताडून बघा, फरक लगेच कळतो.

आता ऑनलाइन साइटवरच्या कपड्यांच्या फोटोचं. शूटला ड्रेस मागून पिना-क्लिपा लावून मॉडेलच्या अंगाबरोबर आवळतात, वर फोटो एडिट होतो. बऱ्याच साइटवर खाली मॉडेलची उंची दिलेली असते, 5 फूट 8 किंवा 9 इंच, आपल्याकडे बायकांची सरासरी उंची साधारण 5 फूट! तोच ड्रेस आपल्यावर तसा पडणारच नाही, आणि हे न कळल्यामुळे किती मुली उपाशी राहतात याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑर्डर करण्याआधी रिव्ह्यूमधले गिऱ्हाइकांचे फोटो बघा, आणि कमरेत सैल असेल तर टेलरकडून टाके मारून घ्या.