औषधरोधी क्षयरोग : यंत्रणा आणि उपचारफलाचे भाकीत

रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाला ‘एमडीआर टीबी’ म्हणतात. जंतू औषधाला का जुमानत नाही, आणि समोरचा रुग्ण बरा होईल की नाही हे आधीच कसे ओळखावे, या दोन प्रश्नांवरील संशोधनात मुंबईचा वाटा मोठा आहे.

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांनी दिलेले ‘संपूर्ण औषधरोधी’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारले नाही, कारण काही औषधांच्या चाचण्या पुरेशा भरवशाच्या नव्हत्या. नावावरून वाद झाला, पण रुग्ण खरे होते, आणि त्यानंतर शहरात जलद चाचण्यांची सोय वाढली.

क्षयाचा जंतू इतर जंतूंकडून प्रतिकाराचे जनुक उसने घेत नाही. त्याच्या सुमारे ४४ लाख डीएनए-अक्षरांच्या जनुकसंचात विभाजनाच्या वेळी आपोआप चुका होतात, आणि त्यातली एखादी त्याच्या पथ्यावर पडते. रिफाम्पिसिन ज्या प्रथिनाला चिकटते ते ‘आरपीओबी’ जनुकातून घडते. त्यातले एक अक्षर बदलले की औषधाला बसायला जागा राहत नाही. आयसोनियाझिडचे गणित वेगळे. ते जंतूच्याच ‘कॅटजी’ विकराकडून (एन्झाइमकडून) सक्रिय व्हावे लागते. विकर बिघडला की गोळी पोटात जाऊनही निकामी ठरते. रिफाम्पिसिनला रोधी जंतू साधारण दहा कोटींत एक निघतो, आणि फुप्फुसातल्या एका पोकळीत तेवढे जंतू सहज असतात. म्हणूनच क्षयावर एकटे औषध कधीच देत नाहीत.

‘कोर्स अर्धवट सोडला म्हणून झाले’ असे रुग्णाला सर्रास ऐकवले जाते. ते पुष्कळदा अन्यायाचे असते. २०१४-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६० टक्के रुग्णांना एमडीआर होता, पण पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या २.८४ टक्के रुग्णांनाही तो होता. नवे रुग्ण संख्येने कितीतरी अधिक असल्याने हा छोटा आकडाही जड आहे. या लोकांना रोधी जंतू दुसऱ्याकडून आयताच मिळालेला असतो. मुंबईतील गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींतील पाहणीत इमारतींची दाटी, न पोहोचणारे ऊन आणि क्षय यांचा संबंध दिसला, तो इथे लक्षात घ्यावा.

थुंकीतून जंतू वाढवून औषधे तपासायला आठवडे जातात. ‘जीनएक्स्पर्ट’ यंत्रात थुंकीवर द्रावण टाकून ते कार्ट्रिजमध्ये भरतात आणि दोन तासांच्या आत उत्तर मिळते. मात्र प्रतिकार ओळखण्यासाठी ही नेहमीची चाचणी आरपीओबीतील ८१ अक्षरांचा तुकडाच, म्हणजे फक्त रिफाम्पिसिनपुरतेच पाहते. संपूर्ण जनुकसंच वाचला तर प्रत्येक औषधाचे भाकीत करता येते. २०१८ मध्ये ‘क्रिप्टिक’ या आंतरराष्ट्रीय गटाने १०,२०९ नमुन्यांवर हे पहिल्या फळीच्या, म्हणजे क्षयावर सुरुवातीला देतात त्या औषधांसाठी दाखवून दिले. हिंदुजाची प्रयोगशाळा आणि वरळीची फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्था या गटात सहभागी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रतिकाराशी जोडलेल्या जनुकबदलांची अधिकृत सूची काढली. बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधाबाबत ही सूची अजून तोकडी आहे, आणि ही उणीव गंभीर आहे. भारताने २०२४ मध्ये मान्य केलेला सहा महिन्यांचा ‘बीपीएएलएम’ हा चार औषधांचा उपचार याच औषधावर उभा आहे.

जंतू कळला तरी रुग्णाचे भवितव्य पूर्ण कळत नाही. मधुमेह, एचआयव्ही, फुप्फुसातील पोकळ्या आणि दोन महिन्यांनंतरही थुंकीत दिसणारे जंतू ही धोक्याची ठळक चिन्हे. सर्वांत बोलके चिन्ह मात्र वजन, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. झारखंडमधील ‘राशन्स’ अभ्यासात (२०२३) रुग्णांना उपचारासोबत शिधा दिला गेला. त्यात दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास मुख्यतः साध्या क्षयाच्या रुग्णांचा होता. तरी औषधरोधी रुग्णाचे लांबलेले आजारपण पाहता त्याच्या ताटाची चौकशी अधिकच निकडीची ठरते. तामिळनाडूत २०२२ पासून निदान होताच उंची-वजनाचे प्रमाण, पायांची सूज, श्वासाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभे राहता येते का, एवढेच पाहून अत्यवस्थ रुग्णाला लगेच दाखल करून घेतात. त्यासाठी वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पुरतो.