मिस्ट : खेळणाऱ्यांच्या नजरेतून

मिस्ट हा कोडी सोडवत पुढे जाण्याचा संगणकावरचा साहसखेळ आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराच्या परिसरात असलेल्या सायन या छोट्या कंपनीत रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी तो घडवला. ब्रॉडरबंड या कंपनीने २४ सप्टेंबर १९९३ रोजी तो मॅकिंटॉश संगणकांसाठी बाजारात आणला आणि १९९४ मध्ये विंडोजची आवृत्ती आली. पुढे त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत वैयक्तिक संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ हाच होता. एवढ्या लोकप्रिय खेळाबद्दल सर्वांचे एकमत असेल, असे वाटते. तसे ते नाही. चाहते ज्या गोष्टींवर जीव टाकतात, नेमक्या त्याच गोष्टींवर टीकाकार नाक मुरडतात: निर्मनुष्य शांतता, सूचनांचा अभाव आणि संथ चाल. ही नोंद मुख्यतः या मतभेदांविषयी आहे. त्यासाठी कथा आणि काही कोड्यांची उकल इथे उघड करावी लागली आहे. ज्यांना मिस्ट अजून खेळायचा आहे, त्यांनी इथेच थांबलेले बरे.

खेळाची सुरुवात एका पुस्तकाने होते. ते उघडले की पानावर एका बेटाचे हलते चित्र दिसते आणि चित्राला हात लावला की आपण त्या बेटाच्या धक्क्यावर उभे असतो. तिथे चिटपाखरूही नाही. धक्क्याशी बुडालेले जहाज, उंचवट्यावर प्रचंड दंतचक्रे, एका टोकाला अंतराळयान, दुसऱ्या टोकाला घड्याळाचा मनोरा आणि मधोमध ग्रंथालय. आपण कोण, इथे कशासाठी आलो, हे सांगायला कुणी येत नाही. ग्रंथालयातल्या लाल आणि निळ्या पुस्तकांत सिरस आणि अ‍ॅकेनार हे दोन भाऊ अडकलेले आहेत. खरखरणाऱ्या, तुटक चित्रांतून दोघांचीही विनवणी एकच: माझी हरवलेली पाने आणून दे आणि त्या दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यांचे वडील अ‍ॅट्रस यांना अशी पुस्तके लिहिण्याची विद्या अवगत आहे, की जी माणसाला थेट दुसऱ्या जगात नेतात. या जगांना खेळात ‘युग’ म्हणतात. सेलेनिटिक, स्टोनशिप, मेकॅनिकल आणि चॅनलवुड अशा चार युगांत ती पाने विखुरलेली आहेत. वाटेत शत्रू नाहीत, मरण नाही, वेळेची मर्यादा नाही.

‘मरण नाही’ हा मुद्दा आज किरकोळ वाटेल. त्या काळच्या बऱ्याच साहसखेळांत मात्र चुकीच्या दारातून आत गेले की खेळ संपायचा आणि जुन्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करावा लागायचा. मिस्टमध्ये चुकीचा खटका ओढला, तर फार तर काहीच घडत नाही. त्यामुळे एरवी संगणकावरच्या खेळांच्या वाटेला न जाणारी माणसेही याच्या नादी लागली. खोक्यात कोऱ्या पानांची एक वही दिलेली असे. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल, तिसरा मागे उभा राहून ‘तो मनोरा पुन्हा फिरवून बघ’ म्हणतोय, असा हा खेळ कित्येक घरांत एकट्याने नव्हे तर घोळक्याने खेळला गेला. एकाकीपणासाठी नावाजलेल्या खेळाच्या आठवणी अनेकांच्या मनात माणसांनी भरलेल्या आहेत, ही त्यातली गंमत.

यश मिळाले त्यात वेळेचाही वाटा होता. संगणकावर सीडी वाचणारे सीडी-रॉम हे यंत्र तेव्हा नवीन होते आणि ते घेतल्यावर त्यात घालायचे काय, हा प्रश्न होता. त्याच वर्षी आलेला ‘द सेव्हन्थ गेस्ट’ आणि मिस्ट ही त्याची दोन ठळक उत्तरे ठरली. मिस्ट बांधला गेला तो हायपरकार्ड या मुळात माहितीची पत्रे एकमेकांना जोडण्यासाठी केलेल्या साधनात. त्रिमितीय प्रतिकृती तयार करून त्यांची सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे काढली गेली आणि क्लिक केले की एका चित्रातून दुसऱ्यात जायचे, अशी त्याची रचना होती.

याच रचनेमुळे मिस्टला सर्वांत जुना आणि आजही न पुसलेला शेरा मिळाला: ‘हा खेळ नव्हे, स्लाइड शो आहे.’ शेऱ्यात तथ्य आहे. डावीकडे वळायला क्लिक केले की कधी काटकोनात वळणे होते, कधी एकदम पाठ फिरते. दिशेचे भान सुटते आणि समोर असलेली वाटही दिसत नाही. कोडे सुटत नाही म्हणून तासभर डोके धरून बसावे आणि शेवटी कळावे, की एका खोलीत उजवीकडे वळून पाहायचेच राहिले होते! असा अनुभव न आलेला खेळाडू विरळा. बचाव करणाऱ्यांचे म्हणणे वेगळे आहे. चित्र हलत नाही म्हणूनच माणूस ते नीट बघतो, आणि चित्रात जी हालचाल नाही ती आवाज भरून काढतो. या दुसऱ्या मताच्या बाजूने बरेच बोलता येईल. लाटा, वारा, यंत्रांची घरघर हेच या खेळाचे निम्मे जग आहे. ध्वनीचे काम पाहणाऱ्या ख्रिस ब्रँडकँप यांना बॉयलरच्या आगीसाठी खऱ्या आगीचे ध्वनिमुद्रण पटले नाही. शेवटी खडीच्या रस्त्यावरून गाडी हळू चालवून तो आवाज मिळवला गेला. संगीताने लक्ष विचलित होईल, असे मिलर बंधूंना आधी वाटत होते. चाचणी घेतल्यावर त्यांचे मत बदलले आणि रॉबिन यांनीच संगीत रचले. त्याची स्तुती टीकाकारही करतात.

कोड्यांबाबत मात्र सरसकट मत देता येत नाही. चॅनलवुडमध्ये झडपा उघडून-मिटून पाण्याचा जोर हव्या त्या यंत्राकडे वळवायचा असतो. नळ डोळ्यांना दिसतात, पाण्याचा आवाज कानांना ऐकू येतो, त्यामुळे चूक कुठे झाली हे समजते आणि सुटल्याचा आनंद निर्भेळ असतो. स्टोनशिपमध्ये दीपगृहातले चाक हाताने फिरवून विजेचा साठा करावा लागतो. तो संपला, की भुयारातले दिवे मंदावतात आणि पुन्हा वर येऊन चाक फिरवावे लागते. काहींना यात जगाचा खरेपणा जाणवतो, काहींना नुसती हमाली.

सेलेनिटिक युगाचे नाव काढले, की बहुतेक जुन्या खेळाडूंच्या कपाळावर आठ्या पडतात. तिथे जाण्यासाठीच अंतराळयानातल्या वाद्यावर स्वर ऐकून ते सरकपट्ट्यांवर जसेच्या तसे जुळवावे लागतात. स्वरज्ञान नसलेल्याची इथे खरोखर पंचाईत होते आणि ज्याला कमी ऐकू येते त्याला तर दारच बंद. आत गेल्यावर परतीच्या वाटेवर भुयारांचा चक्रव्यूह आहे. रुळांवरच्या वाहनात बसायचे, प्रत्येक फाट्यावर एक आवाज होतो आणि त्यावरून पुढची दिशा ओळखायची. कोणता आवाज कोणत्या दिशेचा, हे मेकॅनिकल युगातला फिरता किल्ला शिकवतो: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम यांचा एकेक आवाज आणि मधल्या दिशांसाठी दोन आवाजांचे मिश्रण. युक्ती सुंदर आहे. पण चार युगे कोणत्याही क्रमाने पाहण्याची मुभा असल्याने ज्याने सेलेनिटिक आधी निवडले, त्याच्या हाती काहीच धागा नसतो. तो बिचारा कागदावर एकेक फाटा आखत बसतो आणि खेळाला शिव्या घालतो. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाच्या मते ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे. मुभा द्यायची तर तिची किंमत खेळणाऱ्याला कळायला हवी.

दुसरी नेहमीची तक्रार पानांच्या ने-आणीची. प्रत्येक युगात एक लाल आणि एक निळे पान, पण एका वेळी नेता येते एकच. दोन्ही भावांची बाजू ऐकायची, तर सगळी युगे दोनदा पालथी घालावी लागतात आणि दुसऱ्या खेपेला नवे काहीच सापडत नाही. या सक्तीतूनच कथेचा खरा खेळ उलगडतो, हेही सांगायला हवे. भावांच्या खोल्या पुन्हा पाहताना त्यांतल्या वस्तू बोलू लागतात आणि दोघेही साळसूदपणाचा आव आणत आहेत, हे ध्यानात येते. सिरसची भूमिका रॉबिन यांनी केली, तर अ‍ॅट्रस आणि अ‍ॅकेनार या दोन्ही भूमिका रँड यांनी. त्यांचा अभिनय हौशी आहे, असे म्हणणाऱ्यांना कुणी फारसे खोडून काढत नाही. अ‍ॅकेनारचे विक्षिप्त हसणे मात्र लोकांच्या चांगलेच लक्षात राहिले.

अडल्यावर उत्तर बघायचे की नाही, यावरून खेळाडूंत कायमचे दोन तट आहेत. मिस्टमध्ये हा वाद अधिक धारदार होतो, कारण मूळ आवृत्तीतली उत्तरे ठरलेली आहेत. शेवटचा संकेत ठाऊक असेल, तर चारही युगांना बगल देऊन काही मिनिटांत खेळ संपवता येतो. म्हणजे खेळाच्या वाटेत कुलूप नाहीच, आहे ते फक्त आपले अज्ञान. उत्तर पाहणारा माणूस एक कोडे नव्हे तर खेळाचा एक तुकडा कायमचा गमावतो, असे कट्टर चाहते म्हणतात. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांना हा सोवळेपणा परवडत नाही. २०२० च्या नव्या आवृत्तीत कोड्यांची उत्तरे दर खेळात बदलण्याचा पर्याय आला, तेव्हा सर्वाधिक आनंद झाला तो खेळ तोंडपाठ असलेल्यांना.

या नव्या आवृत्त्यांबद्दलही मते विभागलेली आहेत. २००० मध्ये आलेल्या ‘रिअलमिस्ट’मध्ये बेटावर मोकळेपणी हिंडता येऊ लागले आणि ‘राइम’ हे आणखी एक युग मिळाले. स्लाइड शोची तक्रार मिटली, पण स्थिर चित्रांची चौकट गेल्याने बेटाची गूढताही पातळ झाली, असे काहींना वाटले. २०२० मध्ये आभासी वास्तवाच्या चष्म्यासाठी आणि पुढच्या वर्षी संगणकासाठी आलेली आवृत्ती दिसायला देखणी आहे. तिच्यात खऱ्या माणसांच्या चित्रफितींऐवजी संगणकाने घडवलेली पात्रे आली आणि ती अनेकांना निर्जीव वाटली. हौशी अभिनयाला नावे ठेवणाऱ्यांनाही त्याची अशी आठवण झाली!

साहसखेळांच्या जुन्या रसिकांचा राग वेगळ्या कारणासाठी होता. संवाद, विनोद, पोतडीत वस्तू गोळा करून त्या भलत्याच ठिकाणी वापरून पाहण्याची मजा, यांपैकी मिस्टमध्ये काही नव्हते. त्याच्या यशानंतर सुंदर, ओसाड आणि कोड्यांनी भरलेल्या नकलांचे पेव फुटले आणि त्या नकलांनीच हा खेळप्रकार बुडवला, असा आरोप अजूनही ऐकू येतो. नकला सुमार होत्या हे खरे, पण त्यांचे खापर मूळ खेळावर फोडणे बरोबर नाही. १९९६ मध्ये ‘पिस्ट’ नावाचे विडंबनही आले. लाखो खेळाडू येऊन गेल्यावर त्या निर्मनुष्य बेटाची काय दुर्दशा होईल, अशी त्याची कल्पना होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये संग्रहासाठी घेतलेल्या पहिल्या चौदा व्हिडिओ खेळांत मिस्टचा समावेश होता.

सगळ्यांत जास्त खल झाला तो शेवटावर. लाल किंवा निळे अखेरचे पान लावले, तर तो भाऊ सुटतो आणि त्याच्या जागी आपण पुस्तकात कैद होतो. ती पाने बाजूला ठेवून तिसऱ्या, हिरव्या पुस्तकातून तिकडे अडकलेल्या अ‍ॅट्रसकडे गेलो, पण त्यांना परतण्यासाठी लागणारे पांढरे पान न्यायला विसरलो, तर दोघेही तिथेच अडकतो. पांढरे पान दिले, तर अ‍ॅट्रस मुलांचा निकाल लावतात, आभार मानतात, पुढे आणखी मोठा शत्रू असल्याचे सुचवतात (त्याची कथा १९९७ च्या ‘रिव्हन’मध्ये, पाच सीडींवर आली) आणि बक्षीस म्हणून युगांत मनमुराद हिंडायची परवानगी देतात. एवढेच. ‘इतक्या रात्री जागवून हाती काय, तर जिथून आलो तिथेच जायची मोकळीक?’ हा वैताग पुष्कळांनी व्यक्त केला आहे. खेळ संपल्याची पाटी येत नाही. आपण ग्रंथालयात परततो, आणि लाल व निळी पुस्तके जिथे होती तिथे आता फक्त जळल्याचे डाग असतात.